सदर जमिनीवर काही नाही

सांडोर, रविवार, ६ जानेवारी १९८५

आलो बुवा एकदाचा! संगमनेरहून निघताना आईने डोळ्यांत पाणी आणलं, जसा काही मी वकिली करायला नाही, लढाईवरच चाललोय. इथे क्लेमेंटीन मावशींच्या माडीवर खोली मिळालीय. मावशी विधवा. मुलगी लुसी, तिचं याच महिन्यात लग्न. येताच बशीभर सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली गोड केळी, पुढे आली आणि मी पाहुण्याला न शोभेल इतकी खाल्ली.

घरामागे केळीची बाग, बागेला लागून बावखल, म्हणजे पावसाचं गोड पाणी साठवणारं तळं. त्याच्यावरच बाग पोसते. आमच्याकडे नळावर हाणामाऱ्या होतात आणि ही माणसं परसात तळं बाळगून आहेत! पाय बुडवून बसलो. मावशी हसल्या, म्हणाल्या की वकीलबाबा, मासे चावतील.

गुरुवार, १० जानेवारी

ज्यांच्या हाताखाली वकिली शिकायला आलो, त्या नाईकसाहेबांच्या ऑफिसात पहिलं स्वतंत्र काम. एका बिल्डरला बिनशेती परवानगी हवीय, त्यासाठी जागा पाहून प्रतिज्ञापत्र द्यायचं. सर्व्हे नंबर मिळाला, पण दुपारचं ऊन आणि सायकल पंक्चर, जागेवर गेलोच नाही. साहेबांनी खणातून नेहमीचा मसुदा काढून दिला. म्हणाले, सगळे असंच करतात, जागा कुठे पळून जातेय? मी उतरवून काढलं: ‘सदर जमिनीवर पाण्याचा साठा नाही, बागायत नाही, कोणाचीही वस्ती नाही. मी स्वतः पाहून खात्री केली आहे.’ नोटरीसमोर शपथेवर ठोकून सही. साहेब खूश. लवकरच मला स्वतंत्र टेबल देणार आहेत.

मंगळवार, १५ जानेवारी

फाइलला नकाशा जोडायला घेतला. रस्त्याचं वळण ओळखीचं, कोपऱ्यावरचा क्रूस ओळखीचा. अरे देवा, हे तर आमचंच घर! मावशींचा दीर प्लासिड बांद्र्याला असतो. सातबाऱ्यावर एकट्याचं नाव, त्याने परस्पर विकून टाकलंय. मावशींना पत्ताच नाही.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले की कागद आत गेलाय, आता तोंड उघडलंस तर खोट्या शपथेचा खटला तुझ्यावर. लग्न होऊ दे, मग बाईला एक फ्लॅट देऊ. मी फाइल बांधून खणात ठेवली. जेवताना मावशींनी आग्रहाने बोंबलाचं कालवण वाढलं. मी पुन्हा भातही घेतला. लाज वाटते लिहायला.

शनिवार, २६ जानेवारी



इथली रीत अशी की लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या आंघोळीचं पाणी वाजतगाजत आणायचं, तेही घरच्याच पाण्यातून. बाया कळशा घेऊन निघाल्या, मागून बँड, त्यामागे पाहुण्यांत, माझे साहेब म्हणून बोलावलेले नाईकसाहेबही. बागेपलीकडे गेलो तर बावखल नाही. आटलेलं नाही, बुजवलेलं नाही. सपाट जमीन, तिच्यावर जुनं, वाळलेलं गवत. बाया घोटाळल्या. मग शेजारच्या मटिल्डाबाई म्हणाल्या, इथे बावखल होतं कधी? सगळ्यांनी माना डोलावल्या. चेष्टा नव्हती ती. कुणालाच आठवत नव्हतं.

मावशी माझ्याकडे वळल्या. ‘‘वकीलबाबा, काल तुमी हितंच पाय धुतले ना? सांगा यांना.’’

साहेब माझ्याकडे पाहत होते.

मी म्हणालो, ‘‘मला नाही आठवत, मावशी.’’

आठवत होतं. पायाला अजून त्या पाण्याचा गारवा होता. शेवटी शेजारच्या विहिरीचं पाणी आणलं. मावशी पुन्हा माझ्याशी बोलल्या नाहीत.

रविवार, २७ जानेवारी

सकाळी खिडकी उघडली तर बाग नाही. एक केळ नाही. वऱ्हाडी उघड्या माळावरून चालत चर्चला गेले, म्हणत होते की ही जागा पहिल्यापासून पडीकच.

पाण्याचा साठा नाही. बागायत नाही. मी लिहिलं त्याच क्रमाने. पुढचा शब्द मला पाठ आहे.

संध्याकाळी, लुसीला सासरी पाठवून, मावशी ओट्यावर बसून होत्या. सांगायला हवं होतं, पळा म्हणून. पायरीपर्यंत गेलो. मग वाटलं, उद्या तहसील कचेरी उघडली की कागदच परत घेईन, मग सांगायची वेळच येणार नाही. भित्रा मी. पक्का भित्रा.

सोमवार, २८ जानेवारी

कचेरीत म्हणाले, साहेबांची सही आणा. साहेब म्हणाले, वेडा झालास का. धावत परत आलो—

खाली घर नाही. ओटा नाही, चूल नाही, मावशी नाहीत. जिना आहे, वर माझी खोली आहे, बस.

मटिल्डाबाईंना विचारलं. कोण क्लेमेंटीन, म्हणाल्या. लुसीच्या सासरी राजोडीला गेलो. ते म्हणतात, आमचा मुलगा अजून बिनलग्नाचा—

मी केलं हे. साहेबांनी नाही, प्लासिडने नाही. सही माझी.

मंगळवार

ऑफिसात माझ्या खुर्चीवर दुसराच पोरगा. साहेबांना हाक मारली. त्यांनी पंख्याकडे पाहिलं, जणू आवाज तिथून आला. मटिल्डाबाई न पाहताच माझ्या अंगावरून चालत—

कोणाचीही वस्ती नाही. मीही इथेच राहतो ना. हे कसं सुचलं नाही—

जिना गेला.

आज

नवं प्रतिज्ञापत्र लिहितो. नोटरी नाही तर नाही. शपथ खरी आहे.

सदर जमिनीवर गोड पाण्याचं बावखल होतं. मी त्यात पाय धुतले. केळीची बाग होती. क्लेमेंटीन तुस्कानो आणि त्यांची मुलगी लुसी तिथे राहत होत्या, आणि त्यांनी मला जेवू घातलं. मावशी, मला आठवतंय. सगळं आठवतंय. हे मी स्वतः पाहिलं आहे. त्यांच्या माडीवर मी राहतो. माझं नाव