आईने सांगितलेली सात माणसं

दहिसर, २२ फेब्रुवारी १९८१

सकाळी शिरगणतीचे मास्तर चाळीत येऊन गेले. मी, बायको, दोन मुलं, अशी चार नावं दिली. संध्याकाळी चुलतभाऊ गावाहून आला. तिथेही मोजणी झाली म्हणे, आणि आईने सात माणसं सांगितली. आम्ही चौघं, घाटकोपरचा धाकटा भाऊ, त्याची बायको, आणि ती स्वतः. घरात एकटी असते ती.

मोजायला आलेले गुरुजी आमच्याच वाडीतले, त्यांना सगळं ठाऊक. म्हणाले, "काकी, हय तुम्ही एकट्याच ना?" तर ही म्हणते, "गणपतीक येतत सगळे. सात लिव." लिहिले त्यांनी. काय करतील?

वाडीतल्या सगळ्याच म्हाताऱ्यांनी असंच सांगितलं. म्हणजे डोंगर नि खाडीमधला आमचा एवढासा तालुका कागदावर भरलेला. दिवेलागणीला किती घरांत उजेड असतो, ते कोण मोजणार?

सात. चूक आहे, सुधारायला हवी. पोस्टकार्ड घेऊन बसलो. 'आई, आमची नावं काढायला सांग,' एवढंच लिहायचं होतं. हात धजेना. 'मे महिन्यात नक्की येतो' असं लिहिलं.

गेल्या वर्षीही तेच लिहिलं होतं.