खिशातला कांदा

रविवार, मे महिना. संध्याकाळ.

सकाळचं अजून डोक्यातून जात नाही. काल शोभाच म्हणाली होती, "पांढरा सनकोट घाल, डोक्याले दुपट्टा बांध, आन् ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेव. मीबी तसंच येतो." वीस वर्षांची मैत्रीण. मी ऐकलं.

आणि सकाळी आमच्या गटाच्या सायकली वलगावला निघाल्या, तर ही बाकीच्या बायकांसारखीच नव्या निळ्या जर्सीत! सगळ्यांनी मिळून मागवल्या, मलेच नाही सांगितलं. वर कोणीतरी माझा फुगलेला खिसा दाखवला, तेव्हा सर्वांत मोठ्यानं हसली ती हीच. "काहून वं सुमन, अजून कांदा?"

वलगावच्या नळावर ती पाणी प्यायला वाकली. जर्सीच्या मागच्या खिशातून कांदा अर्धा बाहेर आला होता. पडणारच होता. कोणी पाहायच्या आत मीच तो बोटानं आत ढकलला. तिला कळलं. वळूनसुद्धा पाहिलं नाही.

काहून ढकलला मी? सगळ्यांसमोर घरंगळू द्यायचा होता.