बूट घालून पाया पडायचं

आण्णा,

मी पास झाले की! जर्मनीला निघाले! आमच्या कोल्हापूरच्या संस्थेचा तिथल्या कॉलेजशी करार हाय. तीन वर्षं तिथं कारखान्यात काम करत शिकायचं. तुम्हाला न विचारता अर्ज केलता, ते आधीच सांगून टाकते.

पण परवा सगळंच बोंबललं असतं. प्रॅक्टिकल घ्यायला जर्मनीचे सर स्वतः आलते. माझं नाव पुकारलं आन् मी सवयीनं सेफ्टी बूट काढून लेथ मशीनच्या पाया पडले. गारगोटीत आपल्या वर्कशॉपात तुमच्या लेथला पायताण घालून शिवायचं न्हाय, हे लहानपणापासनं अंगात मुरलंय न्हवं! सर केवढ्यांदा ओरडले! सेफ्टीचे सगळे मार्क गेले. मग कारण विचारलं. मी सांगितल्यावर म्हणाले, "पाया पड, पण बूट घालून पड."

बूट चढवले, पुन्हा वाकले आन् लेथवर लोखंडाचा असला जॉब कातून काढला की सरांनी माप दोनदा तपासलं.

ते ओरडत होते तवा मला तुमचा उजवा पाय दिसत होता, आण्णा. लोखंड पडून बोटं गेली, त्या दिवशीबी तुम्ही अनवाणीच होता.

हे पत्र पोस्टात टाकत न्हाय. टाकलं तर चष्मा सापडंना म्हणून तुम्ही ते चहावाल्या सोमेशकडनं वाचून घ्याल आन् माझ्याआधी गावाला कळंल. रविवारी मीच घेऊन येते. तुमच्यासाठी सेफ्टी बूट घेतलेत. माझ्यावर काय ओरडायचं ते ओरडा, पण बूट घालून ओरडा.

तुमची लेक,
संयोगिता