आउकेकाकांसाठी काचगुलाब

८ जानेवारी

टाकी भरली! वाळू, मीठ, पाणी, हीटर, पंप — सगळं चालू. मासा एकही नाही. आणि पाणी तयार होईपर्यंत येणारही नाही.

आई म्हणते, समुद्र बांधाच्या पलीकडे, आणि ही बया मीठ विकत आणून घरात समुद्र करते. अख्ख्या हार्लिंगनमध्ये असली वेडी एकच. तिला सांगितलं, बंदराचं पाणी म्हणजे नुसता गाळ आणि डिझेल. तर म्हणे, आम्ही त्यातच पोहून मोठे झालो, आम्हाला काय झालं?

या वेळी कोणाचं म्हणजे कोणाचंही ऐकणार नाही. आउकेकाकांचं तर नाहीच.

१० जानेवारी

लिहूनच ठेवते. म्हणजे राग शिळा होणार नाही.

मागच्या वर्षी माझी पहिली खाऱ्या पाण्याची टाकी. आउकेकाका आमच्या मासे पाळणाऱ्यांच्या क्लबातले सगळ्यात जुने, त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. ते घरी आले, पाण्याची टेस्ट केली, नळी खिडकीपाशी धरली आणि म्हणाले, "पिवळं आहे. अमोनिया नाही. सोड बिनधास्त." मी सोडले. क्लाउनफिशची जोडी. दोघं पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत मेले. मी बघत बसले होते.

मग आलं घरपरीक्षण. परीक्षक घरोघरी टाक्या बघत फिरतो, मागून सगळा क्लब कॉफी पीत. माझ्या टाकीपुढे त्यांनी विचारलं, मासे कुठेत? मी तोंड उघडायच्या आत आउकेकाका — "आजकालच्या पोरांना धीर कुठाय हो! पाणी तयार नव्हतं, हिनं घाई केली." सगळे हसले. मी तेव्हा त्यांच्याच कपात कॉफी ओतत होते.

कप भरून दिला. सतरा वर्षांच्या पोरीचं कोण खरं मानणार?

१७ जानेवारी

एक कोळंबी टाकीत कुजत ठेवलीय. तिच्यातून अमोनिया सुटतो. एका जातीचे जंतू तो खातात आणि नायट्राइट करतात, दुसरे ते नायट्राइट खातात. दोन्ही शून्य झाले की पाणी तयार. तोवर फक्त थांबायचं. धीर! काय म्हणालात काका?

आज टेस्ट गडद हिरवी. म्हणजे विष भरपूर. आई नाक दाबून म्हणाली, घरात मासा नाही आणि वास मासळीबाजाराचा.

२५ जानेवारी

क्लबची रीत — नव्या टाकीला जुन्या मेंबरानं आपल्या टाकीतला एक दगड द्यायचा, त्याला चिकटलेले जंतू आयते मिळतात. पाणी तयार झालं की नव्यानं आपला एक दगड परत नेऊन द्यायचा. नाही म्हणायचं नसतं.

दगड दिला कोणी? आउकेकाकांनीच. वर सगळ्यांसमोर, "या वेळी घाई नको हं, पोरी."

थँक यू म्हणाले. गोड हसून.

२९ जानेवारी

त्या दगडावर काचगुलाब आहे!!

नाव गोड, कारटं राक्षसी. पारदर्शक, नखाएवढं, फुलासारखं हलतं आणि शेजारच्या प्रवाळाला डंख मारून मारतं. कापलं तर प्रत्येक तुकड्याचं नवीन होतं. एकदा टाकीत पसरलं की वर्षभर हात जोडत बसा. माणसाला हे दिसत नाही असं कसं होईल? मुद्दामच दिलाय.

३० जानेवारी

सिरिंजमध्ये लिंबाचा रस भरला होता. गुलाबाला टोचला की मरतो. सुई पार जवळ नेली.

मग सुचलं. दगड परत द्यायचाच आहे ना? रीतच आहे.

सिरिंज धुऊन ठेवली. गुलाबाला कोळंबीचा तुकडा भरवला. चट्टकन गिळला.

१३ फेब्रुवारी

अमोनिया उतरतोय, नायट्राइट चढलंय, टेस्ट गडद जांभळी. काचेवर तपकिरी शेवाळ. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं.

गुलाब आता चिक्कार. एकाला मुद्दाम चिमट्यानं कुस्करलं, म्हणजे आणखी होतील. आई कौतुकानं बघत होती. म्हणे, "किती नाजूक फुलं गं! उगाच मासे मासे करतेस."

३ मार्च

शून्य. शून्य. परत केली, परत शून्य!

इतकं सुंदर पाणी मी आयुष्यात केलं नव्हतं. आणि त्यात एक मासा सोडता येत नाही, कारण वाळू सोडून सगळीकडे गुलाब. दुकानदारानं माझ्यासाठी क्लाउनफिशची जोडी राखून ठेवली होती. दुसऱ्या कोणाला तरी दे म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर थोडं रडू आलं. थोडंच.

८ मार्च

केलं.

आउकेकाकांची टाकी म्हणजे टाकी नाही, भिंतच आहे. मी जन्मले तेव्हापासूनची. पिवळा सर्जनफिश तर माझ्याहून एकच वर्षानं लहान. काका म्हणाले, ठेव कुठेही, तुझीच टाकी समज. मी दगड मागच्या कपारीत ठेवला, जिथे कोणाचा हात जात नाही. गुलाब मिटलेले होते, दगड नुसता चिकट दिसत होता.

माझ्या पाण्याची टेस्ट मी भाव खायला बरोबर नेली होती. त्यांनी नळी हातात घेतली, खिडकीपाशी नेली, आणि मग बायकोला दिली. चित्स्केकाकूंनी हळूच सांगितलं, "पिवळं. अगदी पिवळं." तेव्हा ते म्हणाले, "शाब्बास. थांबलीस."

काकांनी स्वतःच बघून का नाही सांगितलं? की त्यांना…

९ मार्च

रात्रभर तेच डोक्यात. त्यांना रंग दिसत नाहीत. मागच्या वर्षीही दिसत नव्हते. नळी हिरवी होती आणि त्यांना पिवळी दिसली. दगडावरचा गुलाबही दिसला नसणार.

मग सांगायचं ना तसं! डोळे तुमचे गेले आणि नाव माझं घालवलंत. जास्तच राग आला. दगड राहू दे तिथेच.

१ एप्रिल

चित्स्केकाकूंचा मेसेज — परीक्षणाआधी येऊन जरा टाकी साफ करून देशील का? यांना सध्या जमत नाही, आणि बाकी कोणाला हात लावू देत नाहीत.

माझी परीक्षा आहे, असं लिहून पाठवलं. नाहीये.

१८ एप्रिल

घरपरीक्षण. आउकेकाकांचं घर शेवटचं. सगळा क्लब, कॉफी, एकेक बिस्किट. मी मागे उभी. कधी एकदा टॉर्च लागतो असं झालं होतं, खोटं कशाला बोलू?

परीक्षक टॉर्च घेऊन वाकले. उजेड कपारीकपारीतून फिरवला. मग म्हणाले, "आउके, हे काय? मागची सगळी बाजू काचगुलाबांनी भरलीय. मोठं प्रवाळ अर्धं मेलंय."

आउकेकाका पुढे झाले. काचेला नाक लावलं.

"कुठे?"

परीक्षकांनी टॉर्च नेमका तिथे धरला. "हे काय, इथे. तुमच्या नाकासमोर."

त्यांनी हात काचेवर ठेवला, जरा डावीकडे सरकवला, मग उजवीकडे. "चित्स्के," ते म्हणाले, "कुठे गं?"

कोणी हसलं नाही. एकानं कप खाली ठेवला.

मला वाटलं होतं, मजा येईल.

१९ एप्रिल

काकूंचा फोन. त्यांनी टाकी मला द्यायची ठरवलीय, माशांसकट. काका म्हणाले — पोरीला दे, तिला सगळं दिसतं.