एका फोटोत एकच माणूस

इंझोरी,
रविवार

आदरणीय जानरावमामाले भाचा सतीशचा सविनय जयभीम.

इकडे माय अन् मी खुशाल आहो (मायचे गुडघे सोडून). तुमचा ताप उतरला काय ते कळवजा, अन् मामीले जयभीम सांगजा. पत्र अशासाठी की फोनवर तुमी माह्यं ऐकता कमी अन् हसता जास्त. तुमी आणलेल्या मेडशीच्या स्थळानं माह्या डोक्याचा भुगा केला हाय, अन् त्यात अर्धा हात तुमचा हाय.

पोरगी, म्हंजे धम्मदीपा, मले पसंत हाय. हे आदीच लिहितो, पुढचं वाचतानी गैरसमज नको. भानगड तिच्या काकाची. तिचे वडील नाईत, म्हून घरात शब्द जगदेवकाकाचा. मेडशीचे लोक आपल्या घरी पाह्याले आले त्या दिवशी काकानं चहा पेता पेता बैठकीतल्या फोटोकडे बोट केलं. आपल्या वावरातला कडुनिंब अन् त्याच्यावर आकाशगंगा. मीच काढला म्हटलं, अन् तिथंच थांबाचं सोडून (मास्तरकी अंगात भिनली ना) सारं समजावत बसलो. पृथ्वी फिरते तशा चांदण्या सरकत राह्यतात, म्हून ट्रॅकर नावाची डबी कॅमेऱ्याले त्याईच्या मांगं मांगं हळूहळू फिरवते. त्यानं चांदण्या टाचणीच्या टोकावानी येतात, पण कॅमेराच फिरून राह्यला तर खालचं झाड फिसकटते. म्हून डबी बंद करून झाडाचा दुसरा फोटो घ्याचा अन् कॉम्प्युटरवर दोन्ही जोडाचे. काकानं कप खाली ठेवला. मंग म्हणाले, "म्हंजे जोडलेला हाय." अन् माह्या नोकरीचा कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला, कुठं जोड दिसते काय म्हून.

त्याईचं म्हणणं निघालं की पोरानं आमच्यासमोर एकच फोटो काढून दाखवावा, बिनजोडीचा, मंगच पुढची बोलणी. मी नाईच म्हणणार होतो. पण त्याईनं तुमाले फोन लावला, अन् तुमी काही न पुसता सांगून टाकलं की पोरगा करून दाखवते. कायले सांगतलं मामा? पृथ्वी काय तुमच्या शब्दाखातर थांबणार होती?

झालं, अमावास्येच्या संध्याकाळी सारे वावरात (अंधार पायजे म्हून. तिथीशी आपलं काही घेणंदेणं नाई, हे काकाले येगळं सांगा लागलं). तिथं काकानं नवीनच काढलं. पोरगी आलीच हाय तर निंबाखाली तिचा एक फोटो घ्या, घरच्या बायाईले दाखवाले. घेतला. मंग मले उभं केलं, अन् बटन काकानं दाबलं. दोघांचा संगं घ्या म्हटलं तर काका असे दचकले जसं मी पळून जाऊ म्हटलं. पक्कं झाल्याबिगर एका फोटोत एकच माणूस, त्याईच्या घरची रीत हाय म्हणे. धम्मदीपा तोंडाले ओढणी लावून हसली अन् मले हळूच म्हणाली, "कॅमेऱ्याची तिपाई हालवू नका, अन् दोन्ही फोटो मले पाठवजा." अकोल्याले बी.एस्सी. झालेली पोरगी, साऱ्या दिवसात कामाचं तेवढं तीच बोलली.

मंग मी ट्रॅकरचा नेम ध्रुवताऱ्यावर लावाले एक डोळा मिटून खाली वाकलो, अन् तिकडून आपला बांधाशेजारचा भिवाजी निघाला. पलीकडच्या वावराईतून मोठा रस्ता गेल्यापासून आपल्या गावात तिपाईले डोळा लावणारा माणूस म्हंजे मोजणीवाला. भिवाजीनं गावात बोंब मारली, अन् अर्धं गाव बॅटऱ्या घेऊन हजर. कोणी मोबदल्यापायी म्हणे रस्ता माह्या वावरातून घ्या, कोणी म्हणे माह्या संत्र्याईले हात लावसान तर पाहा. ज्या भिवाजीनं लहानपणी बोरापायी माहा कान पिळला, तो अंधारात मले "साहेब, साहेब" करत केटलीतून चहा देऊन राह्यला. माह्या चेहऱ्यावर उजेड मारला तवा बिचारा लय खजील झाला, अन् ती सारी केटली त्यानं काकाले पाजली.

त्या गर्दीत काढलेल्या बिनजोडीच्या फोटोत चांदण्या कमी अन् बॅटऱ्याईचे पिवळे पट्टे जास्त. काकानं पाह्यला अन् म्हणाले, "जोडल्याबिगर पोराले काहीच येत नाई." सारे गेल्यावर मी एकट्यानं आभाळाचा फोटो घेतला, निव्वळ रागानं, अन् तो इतका साफ आला की आणखीच राग आला.

मामा, मी कटाळलो. पोरगी हातची चालली याचं वाईट वाटते, भाकर गोड लागत नाई, पण खऱ्याले खोटं म्हणणाऱ्या माणसाच्या घरचा जावई मले व्हाचं नाई. मेडशीले कळवून टाकजा.

तुमचा भाचा,
सतीश

ता. क. मेडशीले इतक्यात काही कळवू नका. मी पाठवलेले ते दोन्ही फोटो अन् ते रागातलं आभाळ धम्मदीपानं जोडलं. वर माह्यं आभाळ, खाली निंब, अन् निंबाखाली आमी दोघं खांद्याले खांदा लावून. मी सोता असेच फोटो जोडतो, पण मलेही जोड सापडला नाई.

आणखी एक. तो फोटो काकानं तिच्या मोबाईलमंदी पाह्यला. जोडलेला हाय म्हून ती शपथेवर सांगते, पण काका म्हणतात, "इतकं साफ जोडताच येत नाई, मी भिवाजीसंग चहा पेत होतो तवाच हे दोघं निंबाखाली उभे राह्यले." चार लोकाईत बोभाटा व्हाच्या आत तारीख काढा म्हून अडून बसले. दोनचार दिवसात तुमाले फोन करतीन. असा फोटो जोडता येते काय म्हून पुसलं तर, मामा, सांगजा की माह्या भाच्याच्या बापालेही जमणार नाई.