डेल्मरच्या दुकानासमोर ट्रॅक्टर जाणार नाही

३ जुलै
आणि वर म्हणतो, ताई, तुला नाही झेपायचं! हा डेल्मर, माझा सख्खा भाऊ, ज्याचा शेंबूड मी पुसला. बापाचा लाल ट्रॅक्टर माझ्या शेडमध्ये आहे, तर याच्या पोटात दुखतं. याला तो बियाण्याच्या दुकानासमोर शोभेला हवाय, सीटवर पेटुनियाच्या फुलांची कुंडी ठेवून. बापाच्या सीटवर कुंडी! शेवटी पैज लागली. जत्रेतल्या ट्रॅक्टरनं ओझं ओढायच्या शर्यतीत तो त्याचा हिरवा आणणार, मी बापाचा. ज्याची ओझ्याची गाडी लांब जाईल, लाल ट्रॅक्टर त्याचा. इंजिन मीच ट्यून करणार. त्यात काय एवढं.

७ जुलै
कार्बोरेटर उघडला. आत कुंभारमाशीनं घर केलेलं. तिला माझ्यापेक्षा जास्त जमलं होतं.

११ जुलै
ठिणगीचं टायमिंग पुढे घेतलं. इंजिन सुरू करायचं हँडल उलटं फिरलं, अंगठा सुजला. अंगठा मुठीत घेऊन हँडल मारायचं नाही, हे बापानं शिकवलं होतं. विसरले नव्हते. घाईत होते.

१९ जुलै
सुरू झालं! इंजिनाचा वेग आवरणारा गव्हर्नर इतका ताणला की आवाजानं कोंबड्यांनी अंडी बंद केली. नॉर्बर्ट दारात उभा. नवरा म्हणून त्याला बोलावंच लागतं. म्हणाला, अगं, जुन्या ट्रॅक्टरांच्या गटात वेगाला मर्यादा असते, माणूस चालतो तसं ओढायचं. मी म्हटलं, कोणता माणूस? तू सोफ्यावरून उठतोस तसा? मक्याचं कणीस घेऊन आत गेला.

२ ऑगस्ट, जत्रा
काट्यावर ट्रॅक्टर चालकासकट मोजतात. गटाच्या वजनापेक्षा भरला जास्त. काट्यावरचा मर्ल म्हणाला, आर्लिस, पुढचं वजनाचं लोखंड उतरव, नाहीतर... मी म्हटलं, नाहीतर काय? त्यानं स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. लोखंड उतरवलं. उद्यापासून डोनट बंद.

संध्याकाळ
सुटलेच मी! पुढची चाकं हवेत, लोक उभे राहिले. वाटलं, कौतुकानं. लाल झेंडाही दिसला. वाटलं, माझ्यासाठी आहे. होताच माझ्यासाठी. वेग जास्त, बाद. मग डेल्मर आला, गोगलगाईला लाज वाटेल असा, आणि ओढत गेला, ओढत गेला. उतरून म्हणाला, ताई, तू छान उडालीस.

४ ऑगस्ट
ट्रॅक्टर डेल्मरच्या ट्रेलरवर चढवताना नॉर्बर्टनं साखळ्या आवळल्या. शेड केवढी मोठी आहे, कळलं नव्हतं.

डेल्मरला फोन केला. म्हटलं, नेलास तर नेलास. पण कुंडी जमिनीवर ठेवायची, सीटवर नाही. आणि इंजिन अधूनमधून चालवलं नाही तर जाम होतं, तुला ते जमायचं नाही, म्हणून दर शनिवारी मी येऊन चालवत जाणार. म्हणाला, बघू ताई. बघू काय? स्पार्क प्लग माझ्या एप्रनच्या खिशात आहेत, त्यांच्याशिवाय इंजिन सुरू व्हायचं नाही. रविवारी चर्चची घंटा व्हायच्या आत हो की नाही ते सांग, म्हटलं.