उलटं पान

ती. बाबा,

इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

पहिल्या वर्षाच्या चाळीस जणांना मी इंग्रजी निबंध लिहायला शिकवते. ओळ न् ओळ वाचून समासात शेरे लिहिते. ते मार्क बघतात आणि कागद बाकावरच टाकून जातात.

प्रबंधाचं विचारलंत. आमचे सर वाचतात की नाही, मला शंका होती. म्हणून या खेपेला मुद्दाम एक पान उलटं घालून गठ्ठा दिला. चार महिन्यांनी परत आला. वर शेरा, ‘उत्तम, चालू द्या.’ पान तसंच उलटं. पाच वर्षं पाण्यात गेली, बाबा. तोच गठ्ठा तुमच्याकडे बाइंडिंगला पाठवला, निदान कपाटात नीट राहील म्हणून.

काल तुमचं कार्ड आलं. तुम्हाला इंग्रजीचा गंध नाही, तरी लिहिलंत, ‘छप्पन्नावं पान उलटं होतं, सरळ करून शिवलं.’

ते वाचल्यावर मी वर्गावर गेलेच नाही. माझं पान न् पान बघणारे तुम्ही एकटेच निघालात.

मी आता प्रबंध पुढे लिहिणार नाही. आईने विचारलं तर एवढंच सांगा, प्रबंध बांधून झाला.

तुमची,
थोरली